मावशींचा रोजा

माझ्या लॅबच्या टेबलावर एक पितळी डबी आहे. तिच्यात सध्या नंबरांच्या चिकटपट्ट्या असतात. झाकण उघडलं की अजून ओव्याचा वास येतो, आणि ओव्याचा वास आला की शेवंतामावशी आल्या असं वाटून मी उगाच दाराकडे बघतो. मावशी आता कोपरगावला मुलीकडे असतात. मुलीला जुळं झालं, तशी यांनी नोकरी सोडली. जाताना ही डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "घ्या तांबोळीभाऊ. मला आता हिचं काम न्हाई." या एका वाक्यानं माझा जीव केवढा भांड्यात पडला, ते सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

राहात्याला आमचं पोटविकारांचं छोटंसं हॉस्पिटल आहे. मी तिथे लॅब टेक्निशियन. मावशी हजेरीपटावर आया. पण हजेरीपटाचं काय घेऊन बसलात! पेशंट रिक्षातून उतरला की आधी मावशींच्या तावडीत सापडायचा. "काय खाल्लं सकाळी? खोटं बोलू नका, मिशीला पोहे हायेत." मग केसपेपर, मग डॉक्टर मॅडम. अंगानं मावशी काटकुळ्या, पण आवाज असा की जनरल वॉर्डात बोलल्या तर माझ्या काचेच्या नळ्या थरथरायच्या. मी चिडायचो. मला कामात शांतता लागते. मी दार लावून घ्यायचो, आणि मावशी ते उघडून आत यायच्या, कंबरेची डबी काढायच्या, चिमूटभर ओवा आणि मीठ तोंडात टाकायच्या आणि विचारायच्या, "दार का लावलं? आजारी हाय का तुमी?"

ही डबी दिवसातून दहा-बारा वेळा तरी निघायची. कुणाला तंबाखूचं व्यसन असतं, मावशींना ओव्याचं, असंच आम्ही धरून चाललो होतो. मी तर थट्टाही करायचो, "मावशी, शेतात ओवा लावून घ्या, परवडेल." त्या हसायच्या. माझ्या थट्टेची मला आज लाज वाटते, पण तेव्हा काही कळलं नाही हे खरं.

मावशींचं खरं काम नळीच्या खोलीत. पोटात दुर्बीण घालून बघतात ना, तिला आमच्याकडे सगळे नळीच म्हणतात. पेशंटला डाव्या कुशीवर निजवायचं, दातांत प्लॅस्टिकची कडी द्यायची, आणि मॅडम नळी आत सरकवायला लागल्या की मावशी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून सुरू व्हायच्या. "गिळा माझ्या राजा, गिळा. बाजरीच्या भाकरीचा घास समजा. असं! लई गुनाचं लेकरू." हे लेकरू कधी सत्तर वर्षांचं असायचं, कधी सरपंच असायचं. एकदा पुणतांब्याचा एक पैलवान आला होता. नळी नुसती बघितली आणि दातात कडी तशीच ठेवून पळाला तो थेट एसटी स्टँडपर्यंत. मावशी रिक्षा करून मागे गेल्या आणि त्याला मनगटाला धरून परत आणलं. पूर्ण रस्ताभर तो "हं हं हं" करत होता, कारण कडी निघत नव्हती.

असे पळणारे पुष्कळ होते. पोट वर्षानुवर्षं जळतं, पित्त-पित्त म्हणून सोडा खातात, आणि नळीचं नाव काढलं की पुन्हा तोंड दाखवत नाहीत. मावशींना याचं फार लागायचं. "भाऊ, तो मानूस आता येत न्हाई बघा," असं म्हणत त्या कितीतरी वेळ फाटकाकडे बघत बसायच्या.

म्हणून ते यंत्र आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला.

यंत्र पुण्याहून आलं, तीन महिन्यांसाठी, चाचणी म्हणून. त्याच्याबरोबर रेवती नावाची इंजिनिअर आली. हुशार, बोलायला भरभर, आणि पहिल्याच दिवशी मावशींच्या हाती लागली.

"मावशी, हा लेझर आहे."

"गनपतीच्या मिरवनुकीत असतो तो? डोळ्याला लागंल की लोकांच्या."

"नाही हो, हा डब्याच्या आत असतो. पेशंटनं फक्त फुगा फुगवायचा. आधी एक फुगा. मग एक औषध पाण्यातून प्यायला द्यायचं. अर्ध्या तासानं दुसरा फुगा. त्या औषधात युरिया असतो, खास प्रकारचा."

"युरिया?" मावशींचा आवाज वॉर्डभर गेला. "उसाला टाकतो त्यो? मानसं काय ऊस हायेत व्हय?"

रेवतीनं कपाळाला हात लावला नाही, हे तिचं मोठेपण. तिनं नीट समजावलं. पोटात एक वळणदार जंतू राहतो, जठराला जखमा करतो. तो जंतू असला तर तो हा युरिया फोडतो. त्यातून कार्बनची जरा जड हवा तयार होते, ती रक्तातून फुप्फुसात येते आणि श्वासावाटे बाहेर पडते. दुसऱ्या फुग्यात ती जड हवा वाढलेली दिसली की जंतू आहे. लेझर ती हवा मोजतो. संपलं.

"म्हंजी नळी न्हाई?"

"नळी नाही."

मावशींनी डबी काढली, न उघडताच परत कंबरेला खोचली आणि यंत्राभोवती एक फेरी मारली.

यंत्र लावून झाल्यावर रेवती म्हणाली, "एकदा चालवून दाखवते. ज्याच्या पोटाची काही तक्रार नाही आणि ज्यानं सकाळपासून काही खाल्लेलं नाही असं कुणी आहे का?" सोमवार होता. मावशींचा सोमवार म्हणजे निरंकार, संध्याकाळपर्यंत चहाचा घोटसुद्धा नाही. त्या पदर खोचून पुढे आल्या. "मी हाय की. दगड पचवते." पहिला फुगा त्यांनी असा फुगवला की पिशवीच्या शिवणी ताठ झाल्या. औषध प्यायल्या, "लिंबाच्या सरबतावानी हाय," म्हणाल्या, अर्धा तास बाकावर मांडी घालून बसल्या आणि दुसरा फुगा दिला.

यंत्रानं सांगितलं, जंतू आहे.

आधी मावशीच हसल्या. "आगं बया! ह्येला माझ्या फुकंचं भ्या वाटलं आसंल." सगळे हसले. रेवतीही म्हणाली, यंत्र टेम्पोत धक्के खात आलंय, अजून बसायचंय, आजचा आकडा धरू नका. तो कागद मी फायलीत लावून टाकला आणि विसरलो.

चाचणी सुरू झाली. मंगळवारी ज्यांची नळी झाली, त्यांनी शुक्रवारी फुग्यासाठी यायचं, म्हणजे दोन्हींचा मेळ बसतो का ते बघता येईल. मॅडमनी पेशंटना सांगितलं, "शुक्रवारी उपास करून या."

शुक्रवारी आली बघा आमची मंडळी उपास करून. एकानं साबुदाण्याची खिचडी खाल्लेली. एकीनं वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. एक आजोबा तर चार केळी आणि राजगिऱ्याचा लाडू खाऊन, वर ताक पिऊन आले होते आणि विचारत होते, "उपासाला ताक चालतं ना?" रेवती रडायच्या बेतात. मी तिला म्हणालो, "बाई, तुमची चूक आहे. उपास म्हटलं की महाराष्ट्रात माणूस रोजच्यापेक्षा दुप्पट जेवतो."

पुढच्या शुक्रवारी "उपाशी या" असं सांगून पाहिलं. तर "उपाशीच हाय, नुसता चहा आन् दोन बटर."

तेव्हा मावशींनी तोडगा काढला. त्यासाठी त्यांना माझ्याकडे बघावं लागलं. रमजानमध्ये मी दिवसभर लॅबमध्ये पाण्याचा थेंब न घेता काम करतो, हे त्या वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या. त्या महिन्यात त्या स्वतःचा चहा जिन्याखाली लपून प्यायच्या. मला दिसू नये म्हणून. मी एकदा म्हणालो, "मावशी, प्या हो इथं, मला काही होत नाही." तर म्हणाल्या, "तुमाला न्हाई हो, चहाला लाज वाटती."

तर मावशींनी फर्मान काढलं, "उपास न्हाई. रोजा! शुक्रवारी समद्यांनी रोजा धरून यायचं. आमच्या तांबोळीभाऊंवानी. खायचं न्हाई, प्यायचं न्हाई, चहा न्हाई, ताक न्हाई."

आणि काय सांगू, जमलं. शब्द नेमका बसला. उपासाला फराळ असतो, रोजाला नसतो, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शुक्रवारी बाकावर गंधटिळा लावलेले आजोबा बसायचे आणि शेजाऱ्याला अभिमानानं सांगायचे, "माझा रोजा हाय." माझ्या बायकोला हे घरी सांगितलं तर ती पोट धरधरून हसली. मावशींचा रुबाब वाढला. मनगटावर नंबराची चिकटपट्टी लावायची, फुगा हातात द्यायचा आणि शिकवणी सुरू. "गालातली हवा नगं. चूल फुकल्यावानी नगं. श्वास धरा, धरा, आता सोडा, बेंबीपासून! शेवटची हवा पायजे आमाला, शिळी!" रेवती म्हणायची, श्वास द्यायला इतकं चांगलं शिकवणारं माणूस तिनं पुण्यात पाहिलं नाही.

सगळं छान चाललं होतं. आणि मग मेळ बसेना.

मंगळवारी नळीतून काढलेल्या जठराच्या तुकड्यात जंतू नाही आणि शुक्रवारी यंत्र म्हणतंय आहे, असं एकाचं झालं, दुसऱ्याचं झालं, मग चार जणांचं झालं. रेवतीनं यंत्र उघडून पाहिलं, पुण्याला फोन केले, आरसे पुसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मॅडम सरळ होत्या. त्या म्हणाल्या, "निरोगी माणसाला मी या यंत्राच्या भरवशावर दोन आठवड्यांच्या गोळ्या देणार नाही. पुढचा शुक्रवार बघू. नाहीतर यंत्र परत पाठवा. आपली नळी बरी."

मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला. मला वाटलं, पळून जाणाऱ्या पेशंटांसाठी वाईट वाटतंय त्यांना. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते अर्धंच होतं.

शुक्रवार आला. पहिले फुगे झाले, औषधं पिऊन झाली, मंडळी बाकावर. मावशी सुटे पैसे आणायला फाटकाबाहेर बबनच्या रसवंतीवर गेल्या. उसाच्या घाण्याचे घुंगरू आमच्या लॅबपर्यंत ऐकू येतात. पाच मिनिटांनी त्या घुंगरांपेक्षा मोठा आवाज आला.

"आरं देवा! बबन, ह्ये काय!"

मी खिडकीतून पाहिलं. रसवंतीच्या बाकड्यावर आमचे दोन पेशंट, मनगटावर नंबराच्या चिकटपट्ट्या, हातात रसाचे ग्लास. बबन खूश होऊन सांगत होता, "मावशी, तुमच्या रोजावाल्यांनी शुक्रवारचा धंदा वाढविला बघा. समदे औषध प्याले की हिकडंच येत्यात."

"कशाला आलात रं हितं?" मावशींनी त्या दोघांना विचारलं.

त्यातला एक ग्लास लपवत म्हणाला, "तुमीच सांगितलं ना रोजा धरा म्हनून? मग औषध पिलो की सुटला ना रोजा! रोजा सुटल्यावर गोड काहीतरी घ्यावंच लागतं. तांबोळीभाऊ न्हाई का खजूर खात?"

मावशींनी दोघांच्या हातातले ग्लास काढून घेतले.

दोघांना घेऊन त्या आत आल्या आणि रेवतीसमोर उभ्या राहिल्या. "पोरी, चूक तुझ्या मशिनची न्हाई. माझ्या शब्दाची हाय." सगळं सांगितलं. रेवती आधी ऐकतच राहिली, मग एकदम टेबलावर हात आपटून ओरडली, "ऊस!" उसात कार्बन जड जातीचा जास्त असतो, ही उसासारख्या वनस्पतींची मूळचीच तऱ्हा. बाजरी-ज्वारीचंही तसंच. माणूस उसाचा रस प्यायला की थोड्या वेळात त्याच्या श्वासातली जड हवा आपोआप वाढते. यंत्राला वाटतं जंतूनं वाढवली. म्हणजे यंत्र अचूक मोजत होतं, फक्त बबनचा रस मोजत होतं.

"आन् म्हंजी आमच्या भागातल्या मानसाचा श्वासच जड?" मावशींनी विचारलं.

"थोडासा. म्हणून तर पहिला फुगा घेतो. रोजचं खाणं त्यात दिसतं. पण मध्येच रस ढोसला तर काय करणार!"

मेळ न बसलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी मावशी फाटकात खुर्ची टाकून बसल्या, हातात झाडू. फर्मान बदललं होतं, "औषध पिलं तरी रोजा सुटत न्हाई! दुसऱ्या फुग्याला सुटतो! फुगा म्हंजी आजान!" मी म्हणालो, "मावशी, जरा बेतानं, मौलाना ऐकतील." त्या म्हणाल्या, "त्यांचाबी फुगा घेतलाय मी."

सगळ्यांचा मेळ बसला. एकाचाही आकडा चुकला नाही. मॅडमनी यंत्र ठेवून घ्यायचं ठरवलं. रेवतीनं मावशींना मिठी मारली, बबननं सगळ्यांना फुकट रस पाजला, मला दोन ग्लास. एवढ्या गडबडीत मावशींनी रस घेतला नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुपारी त्या लॅबमध्ये आल्या. दार मी लावलेलं नव्हतं, त्यांनी लावलं. मला तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं.

"तांबोळीभाऊ, म्हंजी मशिन खोटं बोलत न्हाई."

"नाही बोलत. तुम्हीच सिद्ध केलंत."

"मग माझा कागद?"

मला आधी कळेचना कुठला कागद. मग आठवला. पहिल्या दिवसाचा.

"मी त्या दिवशी रस पिला नव्हता," मावशी म्हणाल्या. "सोमवार हुता."

डबी त्यांच्या हातात होती, पण उघडली नाही. बारा वर्षं, म्हणाल्या. बारा वर्षं पोटात निखारा असल्यासारखं होतं. ओवा खाल्ला की तासभर बरं, मग पुन्हा. नळी करायची छाती झाली नाही. "लोकांचं डोकं धरून धरून मी नळी इतकी जवळून बघितली भाऊ, की मला ती बसनारच न्हाई. पैलवान स्टँडवर तरी पळाला. मी तर पळायच्या आधीच पळाले." त्या दिवशी दगड पचवते म्हणत पुढे आल्या, त्या मुद्दाम. कुणाला न सांगता कळावं म्हणून. आणि कळलं तेव्हा भीतीनं त्यांनी थट्टेवारी नेलं. यंत्र खोटं ठरलं असतं तर तो कागदही खोटा ठरला असता. रसवंतीवर काय दिसलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नसतं, तर आम्हाला कधी कळलंही नसतं. सुटे पैसे घेऊन गुपचूप परत आल्या असत्या, की झालं.

मी शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसलो होतो. दिवसातून दहा-बारा वेळा त्या माणसाच्या पोटात आग पडत होती आणि मी थट्टा करत होतो, शेतात ओवा लावा. मला रडू आलं. मावशी म्हणाल्या, "आता तुमी नगा सुरू करू. पानी प्या. रमजान न्हाई."

मॅडमकडे मीच घेऊन गेलो. मॅडमनी सगळं विचारलं, पोट दाबून पाहिलं, माझ्याकडून रक्त तपासून घेतलं. भिण्यासारखं काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "दोन आठवडे गोळ्या. नंतर महिनाभर थांबून पुन्हा फुगा. तो स्वच्छ आला आणि त्रास थांबला, तर नळी नाही. नाहीतर मात्र मावशी, डोकं तुमचं आणि हात माझे." मावशींनी मान डोलावली.

गोळ्यांचे ते दोन आठवडे आम्हाला जड गेले. तोंडाला धातूची चव, म्हणून मावशी सगळ्यांवर खेकसायच्या. एका पेशंटला "माझ्या राजा" म्हणायच्या ऐवजी "ए राजा, गिळ गुमान" म्हणाल्या. पण एकही गोळी चुकली नाही. मी रोज विचारायचो. त्या पाकीट उलटं करून दाखवायच्या. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की दुपार झाली तरी डबी निघाली नाही. मी काही बोललो नाही. दृष्ट लागते.

मग तो शुक्रवार आला. मावशी बाकावर, बाकीच्या रोजावाल्यांत. मनगटावर चिकटपट्टी मी लावली आणि सूड उगवून घेतला. "काय खाल्लं सकाळी? खोटं बोलू नका."

"काय न्हाई."

"चहा? ताक? ओवा?"

"न्हाई म्हनते ना!"

"गालातली हवा नको. बेंबीपासून."

"मला शिकवता व्हय!" असं म्हणून त्यांनी फुगा फुगवला. औषध प्यायल्या. अर्धा तास पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या, आणि त्या अर्ध्या तासात एकदाही कुणावर ओरडल्या नाहीत. मग दुसरा फुगा दिला. पिशवी यंत्राला लावली आणि मी मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं. शेजारी मॅडमही येऊन उभ्या राहिल्या होत्या.

आकडा आला. मी दोनदा वाचला. मॅडमनी एकदा वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मी कागद घेऊन बाहेर धावलो. बाकावर मावशी नव्हत्या. घुंगरू वाजत होते. त्या बबनच्या रसवंतीवर उभ्या होत्या, दोन्ही हातांत काठोकाठ भरलेला ग्लास, आणि पीत नव्हत्या. फाटकाकडे टक लावून बघत होत्या, पळून गेलेल्या पेशंटांची वाट बघायच्या तशा.

"निघालं का काय?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की तो त्यांचाच आहे हे मला पटेना.

"काही नाही निघालं, मावशी!" मी फाटकातूनच ओरडलो. "स्वच्छ! सुटला रोजा!"

त्यांनी डोळे मिटले आणि अख्खा ग्लास एका दमात रिकामा केला. रस हनुवटीवरून ओघळला, त्यांनी पदरानं पुसला आणि बबनला म्हणाल्या, "आनखी एक दे." तेवढ्यात त्यांच्या मागे मनगटाला चिकटपट्ट्या लावलेले दोघं जण हळूच येऊन उभे राहिले. मावशींनी वळून पाहिलं, आणि तो जुना आवाज, माझ्या नळ्या थरथरवणारा, पार रस्त्याच्या पलीकडे गेला.

"ए! चला आत! तुमचा दुसरा फुगा व्हायचाय अजून!"